साहेबांच्या मुलांसाठी आंबे

"म्हण, 'साहेबांच्या मुलांसाठी.'"

"किती मुलं आहेत?" कमलनं विचारलं.

"तुला काय करायचंय? म्हण."

"नावं काय त्यांची?"

"साहेब आहेत म्हणजे मुलं असणारच! कशाला विचारायलीस उगं?" नरहरराव पेशकार वैतागले आणि त्यांनी आंब्यांवर आणखी एक हिरवं पान अंथरलं. मोअज्जमजाही मार्केटात सकाळी उठून, एकेक देठ हुंगून निवडलेले बेनिशान आंबे होते ते. त्यांच्याकडे पाहून त्यांच्या बायकोचा, सुशीलाबाईंचा, जीव तुटत होता. घरात अजून एकाही आंब्याचा रस निघाला नव्हता.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरचा तो दुसरा उन्हाळा. कचेरीतले जुने साहेब गेले होते आणि त्यांच्या जागी पुण्याकडचे एकनाथराव आले होते. ते शेरवानी घालत नसत, पान खात नसत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेळेवर येत. आल्या आल्या त्यांनी एक बातमी सोडली होती: साहेबांपुढे कागद ठेवणाऱ्या पेशकारांपैकी एकाला आदिलाबादला जावं लागेल. तेव्हापासून कचेरीत कुणाला झोप नव्हती. आदिलाबादचं पाणी बाधतं, तिथली हवा बाधते, आणि तिथे म्हणे वाघ फिर्यादीसारखे कचेरीच्या पायरीवर येऊन बसतात.

अशा वेळी करायचं काय हे नरहररावांना कुणी शिकवायला नको होतं. साहेबाकडे डाली, म्हणजे फळांची सजवलेली टोपली, पाठवायची. डाली म्हणजे लाच नव्हे. लाच अंधारात देतात, डाली दिवसाढवळ्या. लाच देताना कामाचं बोलावं लागतं, डाली देताना कामाचा उल्लेखही असभ्य. आणि मुख्य म्हणजे डाली लहान पोराच्या हातून जाते, साहेबांच्या पोरांसाठी जाते. मधल्या मोठ्या माणसांचा तिच्याशी काही संबंधच नसतो. नरहररावांच्या वडिलांनी छोट्या नरहरच्या हातून अशा कितीतरी डाल्या पाठवल्या होत्या, आणि त्यांचा तबादला कधीही झाला नव्हता.

अडचण एवढीच होती की मागच्या आठवड्यात कमलनं लोणी खाल्लं होतं आणि शेजारच्या पद्मावतम्मांच्या मांजराचं नाव सांगितलं होतं. पद्मावतम्मांनी मांजराला दिवसभर कोंडून ठेवलं. संध्याकाळी पोरीच्या फ्रॉकवर लोण्याचे डाग सापडले तेव्हा नरहररावांच्या अंगात एकदम धर्मराज संचारला. ते कमलला हाताला धरून शेजारी घेऊन गेले आणि आधी पद्मावतम्मांची, मग मांजराची, हात जोडून माफी मागायला लावली. वर सुनावलं, "आपल्या खोट्यापायी दुसऱ्याला भोगावं लागतं, ध्यानात ठेव!"

कमलनं ते ध्यानात ठेवलं. नुकतीच माळ घातलेला माणूस जसा दुसऱ्याच्या ताटातला कांदाही मोजतो, तशी ती घरादाराचं खरंखोटं तपासू लागली. भाजीवालीला "घरात आहे गं वांगं" म्हणणाऱ्या आईला तिनं रिकामी टोपली आणून दाखवली होती.

"पण अण्णा, तिथं मुलं नसली तर?"

"असतात! चल, टांगा थांबलाय."

टांगा त्यांनी साहेबांच्या बंगल्याच्या अलीकडे, वळणावरच्या कडुनिंबाखाली उभा करवला. कमल डाली सावरत फाटकातून आत गेली. दार खुद्द साहेबांनीच उघडलं. नरहररावांनी निःश्वास सोडला. आता 'साहेबांच्या मुलांसाठी' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण कमल बोलतच राहिली. साहेब वाकून ऐकत होते. तिनं मलकपेठेतल्या घराच्या दिशेनं हात केला, मग आपल्या छातीवर बोट ठेवलं.

"बच्ची बहुत बातां कररी साब," टांगेवाला कौतुकानं म्हणाला.

तेवढ्यात कमलनं दोन्ही हातांची बोटं नाकाशेजारी धरून मिशा काढून दाखवल्या आणि मग हात जोडले. मांजर! पोरगी मांजरापर्यंत पोचली होती.

साहेब डाली घेऊन आत गेले. कमल उड्या मारत परत आली.

"काय सांगितलंस?"

"खरं ते. अण्णांना आदिलाबादला पाठवू नका म्हणून आंबे आणलेत. 'मुलांसाठी' म्हण म्हणून शिकवलंय, पण मुलं काही दिसंनात. खोटं बोलले तर पुन्हा मांजराची माफी मागावी लागंल."

'कार्टे, खरं कशाला बोललीस?' हे वाक्य नरहररावांच्या अगदी ओठांवर आलं. पण असं वाक्य बापानं पोरीला कोणत्या तोंडानं म्हणावं हे त्यांना कळेना. त्यांनी नुसताच हात उगारला.

"मारू नक्को साब," टांगेवाला म्हणाला. "सच्ची बच्ची है."

"तेच तर दुःख आहे," नरहरराव म्हणाले आणि मलकपेठ येईपर्यंत डोकं धरून बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या पेशकारांना खोलीत बोलावलं. नरहरराव शेरवानीची सगळी बटणं लावून गेले; शिक्षा तरी नीटनेटकी घ्यावी. आत टेबलावर फायली नव्हत्या. ओळीनं डाल्या मांडल्या होत्या. नरहररावांनी बेनिशान ओळखले. शेजारी हिमायत आंबे होते, आणि सगळ्यात मोठी, रेशमी रुमाल टाकलेली डाली दुसरे पेशकार हिम्मतराव यांची होती. पण आदल्याच दिवशी याच हिम्मतरावांनी त्यांना सांगितलं होतं, "आपून तर भाई, डालीबिली सोडून दिली. जमाना बदलला, हौ की नाही?"

"ही सगळी फळं काल-परवात माझ्या घरी आली," एकनाथराव शांतपणे म्हणाले. "प्रत्येक मूल म्हणालं, साहेबांच्या मुलांसाठी. सद्गृहस्थहो, मला मुलं नाहीत."

हिम्मतराव आपल्या रुमालाकडे परक्याच्या वस्तूसारखं पाहत होते.

"फक्त एका मुलीनं डाली कशासाठी आली ते सांगितलं. कोणी शिकवलं तेही सांगितलं. शिवाय एका मांजराची हकीकत सांगितली. नरहरराव, मुलगी आपली ना?"

"जी... हो... साहेब, पोर लहान आहे..."

"आदिलाबादला तुम्ही जायचं."

नरहररावांच्या डोळ्यांपुढे कचेरीच्या पायरीवरचा वाघ उभा राहिला. हिम्मतरावांनी इतक्या जोरात सुस्कारा सोडला की रेशमी रुमाल हलला.

"तहसीलदार म्हणून," साहेब पुढे म्हणाले. "जागा तहसीलदाराचीच आहे. ती कसली, एवढं विचारायला तुमच्यापैकी एकही जण आला नाही. सगळ्यांनी आंबे पाठवले."

सुस्कारा अर्ध्यावर थांबला. आपण बढती टाळण्यासाठी एवढा खर्च केला, हे एकेकाच्या चेहऱ्यावर सावकाश उगवत गेलं.

"साहेब, मी... मी तर..." हिम्मतराव पुढे सरकले, "मला तिकडची हवा फार मानवते!"

"तुमची डाली तसं म्हणत नाही." एकनाथराव नरहररावांकडे वळले. "आणि नरहरराव, तुम्ही प्रामाणिक आहात असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला लबाडी परवडणार नाही. ज्याच्या घरची बातमी घरातूनच फुटते, असा तहसीलदार मला शोधून सापडत नव्हता. मुलीला बरोबर न्यायचं. ही अट आहे."

मग चपराशाला बोलावून साहेबांनी सगळे आंबे कचेरीत वाटले. हिम्मतरावांच्या वाट्याला नेमका आंबट निघाला.

मलकपेठेच्या गल्लीत नरहरराव शिरले ते तहसीलदारासारखेच. पावलं संथ, छाती पुढे. सुशीलाबाई 'आदिलाबाद' ऐकून रडायला बसल्या आणि 'तहसीलदार' ऐकून उठल्या. पदरानं डोळे पुसता पुसताच त्यांनी पद्मावतम्मांना भिंतीवरून हाक मारली. पद्मावतम्मा देवापुढची साखर घेऊन धावत आल्या. पाठोपाठ मांजरही आलं.

"आमच्या कमलमुळं झालं सगळं!" नरहरराव पोरीला उचलून घेत म्हणाले. "खरं बोलण्याचा विजय आहे हा! मी पहिल्यापासून सांगत आलोय."

कमल मात्र फुरंगटली होती.

"काय झालं गं?"

"साहेबांनी असं कसं केलं? मी त्यांना सांगितलं होतं, अण्णांना पाठवू नका. तुमच्याकडं जो सगळ्यात लबाड असंल ना, त्याला पाठवा."

सुशीलाबाईंचा साखरेचा हात तोंडाशी थांबला.

"मग?" नरहररावांनी जपून विचारलं. "काय म्हणाले साहेब?"

"म्हणाले, 'बरं, तसंच करतो.'"

मग नरहररावांनी कमलला खाली ठेवलं, टोपी नीट केली आणि पेढे आणायला अफझलगंजकडे निघाले. एवढ्यातेवढ्या गोष्टीवर अडून बसायला ते आता पेशकार राहिले नव्हते.