मिशिगन माझ्या तळहातावर

मिशिगनचा भूगोल मला झोपेतून उठवून विचारा! कापडे गावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलाय. राज्याचे दोन तुकडे, मध्ये पूल, पश्चिमेला त्याच नावाचं सरोवर आणि ते टेकलंय चार राज्यांना!

आमची दिशा नुकतीच तिथं राहायला गेली आणि तिथंच बाळंत झाली. बाराव्या दिवशी आमच्या हिनं, रखमानं, धोशा लावला.

"अवो, पोरीनं पाणी पुजाया नको? बाळंतीण पाण्याला हळदकुंकू वाहिल्याबिगर मोकळी होत नाय. मी हाय हितं! तिचं कोण करनार?"

"अगो, रडतेस काय? सरोवर तिच्या दारात आहे!"

चार वाजता व्हिडिओ कॉल लावला आणि तळहात वर केला. मिशिगनचा खालचा तुकडा दिसतोच हातासारखा!

"जावईबापू, तुमचं गाव इथं, अंगठ्याच्या मुळाशी. अंगठ्याला लागून सरोवर. पाच मिनिटांचं काम!"

हृतिकनं मागं वळून दिशाकडं पाहिलं. "बरं, बाबा. निघतो."

पाच वाजले. फोन उचलेनात! सहा वाजले. रखमा उंबऱ्यात बसून राहिली. चहासुद्धा घेतला नाही.

"वल्ली बाळंतीण, बारा दिसांचं पोर! कुठं धाडलंत त्यांना?"

मी गुपचूप नकाशा उघडला आणि घामच फुटला. नकाशाशी जुळतो तो उजवा तळहात. माझ्या उजव्या हातात होता चहाचा कप, म्हणून मी धरला डावा! सरोवर करंगळीकडे. अंगठ्यापासून तीन तास!

रखमाला सांगितलं.  तिनं नुसता पदर डोळ्यांना लावला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सातला फोन वाजला. दिशा! मागं पाणीच पाणी, पलीकडचा काठ दिसेना.

"गो बाय, बरी हायस ना?"

"आई, मी झोपले गं! गाडीत सलग तीन तास! बारा दिवसांत पहिल्यांदा!"

रखमा हसता हसता रडायला लागली. मग इथून ती सांगत गेली आणि तिथं दिशा पाण्याला हळदकुंकू वाहत गेली. 

मी हळूच हृतिकला म्हटलं, "जावईबापू, चुकलो मी. पाच मिनिटं म्हणालो…"

"माहीत होतं, बाबा. आमच्या घरामागेही तळं आहे, पूजा तिथंही झाली असती."

"मग बोलला का नाहीत?"

"गाडी चालू झाली की दिशा आणि बाळ दोघंही झोपतात. मी म्हटलं असतं तर दिशा निघाली नसती. तुम्ही सांगितलंत, लगेच निघाली."

फोन ठेवला. रखमानं डोळे पुसले.

"जावई मातर लाखात एक हाय!"

मी छाती फुगवली. "मग! पारख कुणाची?"

"तुमची? लग्नाच्या टायमाला सहा म्हयने त्याच्याशी बोलत नव्हतात!"

मी नकाशा घडी घालायला घेतला. त्याचीही घडी नीट बसेना!