वेइक्कोचा आवाज आणि तीन सिस्टिमी

एखादं एक्स्टेंशन तीन वेगवेगळ्या सिस्टिमींवर बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलोय. आता सांगत नाही. का सांगत नाही ते ऐका, आणि हसू आलं तर खुशाल हसा. वेइक्को असता तर तो पहिला हसला असता.

वेइक्को म्हणजे फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या आमच्या छोट्याशा कंपनीतला सगळ्यात जुना प्रोग्रामर. मला काम शिकवलं ते त्यानं. नोव्हेंबरात तो गेला. शनिवारी दफनविधी आणि मग चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांची कॉफी, असं ठरलं. बुधवारी त्याच्या बायकोचा, हिल्काचा, फोन आला. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पण आवाज अगदी लहान झाला होता.

"इल्मारी, शनिवारी त्याचा आवाज ऐकवता येईल का रे? मला एकदा ऐकायचाय."

बावीस वर्षं वेइक्को रोज सकाळी बाल्कनीतला थर्मामीटर बघून यायचा आणि अंथरुणातल्या हिल्काला तापमान सांगायचा. वर ते रेकॉर्डही करून ठेवायचा. का, ते देव जाणे. पण साधी फाइल ठेवेल तर तो वेइक्को कसला? आवाज साठवायची त्यानं स्वतःची पद्धत काढली होती. त्या फायली उघडायच्या तर आम्ही ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेवर पोट भरतो तिला एक तुकडा जोडावा लागे, तेच एक्स्टेंशन. तेही त्यानंच लिहिलेलं, आणि जगात एकाच ठिकाणी चालणारं: त्याच्या घरच्या जुन्या लिनक्सवर. "ये एकदा, दाखवतो," असं तो मला दोनदा म्हणाला होता. दोन्ही वेळा मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

"त्यात काय एवढं, हिल्का! शनिवारी ऐकवतो," मी फोनवर ठणकावून सांगितलं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर सातू बसते. तिनं सगळं ऐकलं होतं.

"हॉलमध्ये विंडोज, तुझा लॅपटॉप मॅक आणि त्याच्या घरी लिनक्स," ती म्हणाली. "एका बरणीचं झाकण दुसरीला बसत नाही, बाबा."

"तिन्ही बरण्या सारख्या केल्या की बसतं."

"अरे, त्याचा कॉम्प्युटरच उचलून हॉलमध्ये ने ना. वायर लाव, मोकळा हो."

"ते अडाण्याचं काम."

हे वाक्य माझंच. नाकारत नाही.

गुरुवारी बसलो. विंडोजसाठी भाषेचे दोन प्रकार मिळतात, त्यातला मी नेमका नको तो घेतला. मॅकची चिपच वेगळी, तिला वेइक्कोचा तुकडा ओळखूच येईना. संध्याकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला: गोंधळ होतोय तो आवृत्त्यांचा, तेव्हा आधी तिन्हीकडे भाषेची एकच, ताजी आवृत्ती घालू. विंडोज आणि मॅक, दोन्हीकडे घातली. मग हिल्काकडे गेलो आणि वेइक्कोच्या खुर्चीत बसून त्याच्या कॉम्प्युटरवरही घातली. एक आज्ञा दिली, जुनी पुसली गेली, नवी आली. हिल्का मागे उभ्या राहून बघत होत्या.

"काही बिघडणार नाही ना रे?"

"उलट स्वच्छ झालं," मी म्हणालो.

आधी जुन्याची प्रत ठेवा, मग हात लावा, हे ऑफिसात नव्या लोकांना ओरडून सांगतो तो मीच. त्या दिवशी मी ते स्वतःला सांगितलं नाही. शुक्रवार सगळा विंडोजशी झटापट करण्यात गेला आणि शनिवारी सकाळी मी हात टेकले.

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," सातू म्हणाली आणि वेइक्कोचा कॉम्प्युटर गाडीत ठेवायला तिनंच दुसऱ्या बाजूनं हात लावला. मी निर्धास्त होतो. त्याच्याकडे तर ते चालतच होतं, नाही का?

हॉलमध्ये कॉफी होती, सँडविच केक होता, आणि काळ्या कपड्यांतली चाळीसेक माणसं. आमच्याकडे अशा वेळी आलेली शोकपत्रं एकेक करून मोठ्यानं वाचतात. ते काम सातूकडे होतं. सगळी पत्रं झाल्यावर तिनं मला खूण केली. हिल्का पहिल्या रांगेत, हातात रुमाल घेऊन, पुढे सरकून बसल्या होत्या. मी बटण दाबलं.

आवाज आला नाही. भिंतीवरच्या पडद्यावर चार ओळी उमटल्या. एक्स्टेंशन सुरू होताना भाषेची आवृत्ती तपासायची व्यवस्था वेइक्कोनं आधीच करून ठेवली होती. मी पडद्यासमोर उभा राहून त्या झाकायला गेलो, तर अक्षरं माझ्या शर्टावर दिसायला लागली.

"बाजूला हो," सातू म्हणाली. आलेलं प्रत्येक पत्र वाचायचं असतं, म्हणून तिनं तेही त्याच संथ आवाजात वाचलं.

"भाषेची आवृत्ती बदललेली दिसते. मला न विचारता. इल्मारी, तूच असणार. जुनी तळघरात आहे, जामच्या बरण्यांमागच्या डब्यात. तुला दाखवायचं राहिलं."

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. हिल्का हसता हसता रडायला लागल्या. मला मात्र शेवटची ओळ गिळता येईना. मी केकची बशी घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

रविवारी दुपारी हिल्का आणि मी त्यांच्या तळघरात उतरलो. लिंगनबेरीच्या जामच्या बरण्यांमागे खरंच डबा होता. त्यात जुनी आवृत्ती होती आणि वर त्याच्या अक्षरात कागद: कोणत्या क्रमानं काय बसवायचं. वर येऊन त्याच्या कॉम्प्युटरवर मुकाट्यानं, एकेक पायरी, त्यानं लिहिल्याप्रमाणे केलं. मग खोलीत वेइक्को बोलला.

"उणे अकरा, हिल्का. लोकरीचे मोजे घाल."

बाहेर पाऊस पडत होता, शून्याच्या वर चार अंश होते. हिल्का उठल्या, आत गेल्या, मोजे घालून आल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. निघताना मला राहवेना, हात पुन्हा कीबोर्डकडे गेला. "हिल्का, हे आता विंडोजवरही बसवून देऊ का? एकाच आज्ञेचं काम आहे."

त्यांनी माझ्यासमोर कॉफीचा कप सरकवला.

"इल्मारी, तो कप दोन्ही हातांनी धर," त्या म्हणाल्या, "आणि दारापर्यंत सोडू नकोस."