शैलाबाईंची दोन सिटांची गाडी

मी नवं लोखंडी गेट बसवलं, त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या शैलाबाईंनी त्याच्यावर खडूनं तीन गोल काढले. "इथं वेल्डिंग कच्चं आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या. शाळेतून रिटायर होऊन पाच वर्षं झाली, पण बाईंच्या पर्समध्ये खडू असतोच. वाकडं दिसलं की गोल. भाजीवाल्याच्या तराजूला गोल, बँकेच्या डुगडुगत्या काउंटरला गोल. मी वेल्डरला बोलावून त्याचा उद्धार केला, कारण बाईंचे तिन्ही गोल बरोबर होते. याचाच मला जास्त राग आला.

मी जालन्यात जुन्या गाड्यांचा व्यवहार करतो. ट्रकवर क्लीनर होतो, इथवर आलो ते जिभेच्या जोरावर. भाव पाडण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नाही. म्हणूनच बाई एक दिवस माझ्याकडे आल्या. "बबन, मला स्पोर्ट्स कार पाहिजे. जुनी. बॉडी कशीही असू दे, मी बदलूनच घेणार आहे."

मी म्हटलं, बाई, त्रेसष्टाव्या वर्षी?

"पस्तीस वर्षं घनसावंगीला काळीपिवळीत तिघांच्या सिटावर चौथी बसून गेले. आता दोनच सिटांची गाडी पाहिजे. तिसऱ्याला जागाच नको."

बॉडी कशाला बदलायची, असं विचारलं तर म्हणाल्या, कंपनीनं केली ती कंपनीची, मी करून घेईन ती माझी. बंगळुरूच्या मुलानं फोनवर विरोध केला. त्याला ऐकवलं, तुझ्या वरातीला घोडा कशाला, असं मी विचारलं होतं का?

एका बियाणेवाल्याच्या पोराची लाल गाडी विकायची होती. वाटूर फाट्याच्या गतिरोधकांवर तिचं पोट इतक्यांदा खरवडलं होतं की पोराचा शौकच फिटला. मी बाईंना बजावून नेलं होतं, तोंड उघडायचं नाही, गाडी आवडली असं दाखवायचं नाही. बाईंनी तोंड उघडलं नाही. खडू काढला. बंपर, दार, डिकी, बॉनेट. थोड्या वेळानं गाडी देवीचे फोड आल्यासारखी दिसायला लागली. पोराचा चेहरा उतरला तसा भावही उतरला. मी शेवटचा हात मारणार, तेवढ्यात पोरानं सांगून टाकलं की गाडी एकदा पलटी झाली होती. झालं. मी पाडलेला भाव बाईंनी स्वतःच वाढवला. का, तर पोरगं खरं बोललं. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझा असा अपमान कोणी केला नव्हता.

पुढचा अपमान बाजारानं केला. गाडी एमआयडीसीच्या रस्त्यावर मोहन मिस्त्रीच्या शेडमध्ये गेली आणि वर्ष झालं तरी बाहेर येईना. बबननं मास्तरीणबाईंच्या माथी भंगार मारलं, अशी बोंब उठली. ज्यांना स्टेपनी बदलता येत नाही, ते चहाच्या टपरीवर मला विचारायचे, "काय बबनशेठ, बाईंचं विमान उडालं का?" गाडी रस्त्यावर दिसत नाही तोवर माझं नाव खराब. एका दुपारी मी तणतणत शेडवर गेलो. आज गाडी बाहेर काढूनच परतायचं, असं ठरवून.

आत गेलो तर गाडी तयार होती. आमच्या रस्त्यांसाठी चार बोटं उचललेली, चाकांवरचे पत्रे हातानं ठोकून फुगवलेले, रंग पिकल्या जांभळाचा. मोहननं मला बाजूला घेतलं.

"दिवाळीलाच झाल्ती शेठ. बाई रोज येतात, रोज नवा गोल काढतात. आता तर गोल बी खोटेच. मी पुसून टाकतो, दुसऱ्या दिवशी दुसरीकडं. काय बोलू त्यान्ला? माझ्या माणसांन्ला घरून डबा आणून खाऊ घालून राह्यल्या."

बाई पंख्यासमोर खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर रिकामा डबा. मी आवाज चढवला. गाडी झाली, चावी घ्या, जालन्यातून दोन चकरा मारा, लोकांची तोंडं एकदाची बंद होऊ द्या.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"काढून जाऊ कुठं, बबन?"

मला राग आवरत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तो मी मोहनवर काढला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डाव्या मडगार्डवर थाप मारून ओरडलो, "हे काय करून ठेवलं? लेव्हलमधी हाय का हे? असली गाडी माझ्या नावावर बाहेर पडणार न्हाई."

मोहननं मडगार्डकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मडगार्ड आरशासारखा साफ होता.

"खोलावा लागंल," तो हळूच म्हणाला. "पंधरा दिवस."

बाई चष्मा लावून उठल्या होत्या. "मी केव्हाची सांगतेय त्याला," त्या म्हणाल्या.

मी दोन महिने म्हटलं. मोहन महिन्यावर आला. दुसरी कामं अडली म्हणाला, शेडमध्ये जागा न्हाई म्हणाला. मी सगळं ऐकून घेतलं आणि दोन महिन्यांच्या खाली एक दिवससुद्धा उतरलो नाही.