एकशेवीस बाय ऐंशी

सौदीतल्या दम्मामच्या कादिर मुकादम याची मुलगी अफनान हिला वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेश नाकारला. कारण एकाच ओळीत दिलं होतं: उमेदवाराचा रुग्णानुभव मर्यादित आहे. अफनान तेव्हा अठरा वर्षांची होती. डॉक्टर होण्याआधी तिने रुग्ण तपासलेले नव्हते ही गोष्ट खरीच होती, त्यामुळे घरात कुणालाच तक्रार करता येईना.

पत्रात पुढे म्हटलं होतं की वर्षभराने पुन्हा अर्ज करता येईल. मात्र तो शेवटचा, आणि सोबत दोनशे तासांच्या रुग्णसंपर्काचा दाखला हवा.

कादिर डगमगला नाही. एका कांदे-मसाल्याच्या आयात कंपनीत तो सव्वीस वर्षं फक्त कागद पुढे सरकवत आला होता. इकामा म्हणजे राहण्याच्या परवान्यापासून कंटेनरपर्यंत या जगात जे काही हलतं ते शिक्क्याने हलतं, असा त्याचा अनुभव होता. त्याने मुलीची फाइल काखेत मारली आणि चार हॉस्पिटलांचे उंबरे झिजवले. चारही ठिकाणी त्याला खजूर आणि कहवा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं. रुग्णांजवळ आम्ही फक्त वैद्यकीय विद्यार्थ्यांना सोडतो, मुलीला आधी प्रवेश घेऊ द्या.

अशा वेळी माणूस सल्लागाराकडे जातो. इमाद हा मूळचा महाडचा, पूर्वी तो विमानाची तिकिटं काढून देई, आता प्रवेश काढून देत होता. त्याने 'रुग्णसंपर्क शिबिर' सुरू केलं होतं. दर शुक्रवारी दुपारी एका फर्निचरच्या दुकानामागच्या हॉलमध्ये उमेदवार जमायचे, कामगारांच्या कॅम्पमधून रुग्ण यायचे आणि शेवटी बिर्याणी. उमेदवार सदतीस होते. अफनान सदतिसावी.

पहिल्या शुक्रवारी साठ कामगार आले. बिर्याणीआधी सदतीस वेळा दंडाला पट्टा बांधून घ्यावा लागतो हे कळल्यावर दुसऱ्या शुक्रवारी नऊ आले, आणि तिसऱ्या शुक्रवारी एकच आला. आठवड्यातून एक सुट्टी, त्यात कपडे धुवायचे, गावी फोन करायचा. रुग्ण व्हायला कुणाला वेळ होता? तेव्हा इमादने नियमात सुधारणा केली. रांगेत उभं राहूनही रुग्ण दिसतोच, म्हणून रांगेतला वेळही रुग्णसंपर्कात धरावा. तास भराभर वाढू लागले.

तो एकुलता एक रुग्ण म्हणजे बाबाजी धाडवे. लांज्याकडचा पाइप फिटर, वय अठ्ठावन्न, अकरा वर्षं कॅम्पमध्ये. कादिरच्या घरातला गळका नळ त्यानेच एकदा दुरुस्त करून दिला होता आणि चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. कादिरने त्याला विचारलं, बाबा रे, सगळे पळाले, तू कसा येतोस? तो म्हणाला, "कादिरभाई, हितं सदतीस जणं विचारतात कसं वाटतंय म्हणून. कॅम्पात अकरा वर्षांत कुणी विचारलं नाय."

कसं वाटतंय, याचं उत्तरही तो दर वेळी मनापासून देई. बरं हाय, डोकं तेवढं जड वाटतं, सकाळी डोळ्यांपुढं काळं येतं. उमेदवार मान डोलावत आणि फॉर्मवर 'तक्रार नाही' लिहीत. तक्रार लिहिली तर परिशिष्ट 'ड' भरावं लागे, त्यावर तीन सह्या आणि एक गोल शिक्का लागे, आणि शिबिराचे डॉक्टर शुक्रवारी येत नसत. शिबिर फक्त शुक्रवारी असे.

बीपीचंही तसंच. शादाब नावाच्या पहिल्या उमेदवाराने लिहिलं, एकशेवीस बाय ऐंशी. त्याच्या मागच्याने तेच लिहिलं. असे छत्तीस कागद बाबाजीच्या फाइलला लागले आणि इतका निरोगी माणूस सौदीच्या पूर्व प्रांतात दुसरा नसेल असं त्या फाइलवरून वाटू लागलं.

रांगेत शेवटच्या अफनानची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा तिने पट्टा बांधला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग यंत्र उलटं करून मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हतेच.

पुढच्या शुक्रवारी ती घरातल्या दोन एसींच्या रिमोटमधले चार सेल काढून घेऊन आली. पट्टा फुगला, यंत्र घुरघुरलं आणि आकडा आला: एकशे शहाण्णव बाय एकशे अठरा. तिने बाबाजीला दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, मग दुसऱ्या दंडावर घेतलं. आकड्यात दोन-चारचा फरक पडला, बाकी काही नाही.

इमादने यंत्र हातात घेऊन गंभीरपणे पाहिलं. "यंत्र बिघडलंय," तो म्हणाला. "छत्तीस जणांनी घेतलं तेव्हा ठीक होतं. सेल घातल्यापासून बिघाड झालाय."

मग त्याने कादिरला बाजूला घेऊन समजावलं. तुमच्या मुलीचा कागद वेगळा पडला तर छत्तीस जणांचे दाखले अडकतील, म्हणून मला तिचेच तास रद्द करावे लागतील. दाखला नाही तर अर्ज नाही, आणि हा अर्ज शेवटचा. यल्ला, चला, आकडा लिहायला सांगा आणि मोकळे व्हा.

कादिर व्यवहारी माणूस. त्याने लगेच मधला मार्ग काढला आणि मुलीच्या कानाशी लागला. "अगो, कागदावर एकशेवीस लिव. बाबाजीला मी माझ्या गाडीतून हॉस्पिटलात नेतो. दोघांचं काम होईल."

"नो अब्बा," अफनान म्हणाली. "कॅम्पचा सुपरवायझर आधी फाइल मागणार. इन्शुरन्सवाला पण तेच. सगळीकडे नॉर्मल असेल तर त्याला कोण ॲडमिट करणार? तुम्हीच सांगा, तुम्ही केलं असतं?"

कादिरने सव्वीस वर्षांत असे कितीतरी अर्ज परत पाठवले होते. बाबाजी तिकडे खुर्चीवर डोळे मिटून बसला होता आणि दंडावरचा पट्टा काढू का म्हणून कुणालातरी विचारत होता. मुलीला पांढऱ्या कोटात पाहायचं म्हणून कादिर वर्षभर झुरला होता. तरीही त्याने पेन काढून तिच्या हातात दिलं. तिने एकशे शहाण्णव लिहिलं.

पुढच्या कामात त्याचा हातखंडा होता. परिशिष्ट 'ड' त्याने दहा मिनिटांत भरलं. एक सही अफनानची, एक स्वतःची, एक खुद्द रुग्णाची. कुणाच्या सह्या हव्यात हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. गोल शिक्का गाडीच्या कप्प्यात होता. त्यावर अरबीत लिहिलं होतं, 'माल तपासला, दोष आढळला.' हा शिक्का कुजक्या कांद्यांसाठी होता, तोच त्याने फॉर्मवर उमटवला. सुपरवायझरने छत्तीस कागद उलटले, शिक्का पाहिला आणि काही न विचारता बाबाजीला सोडलं. हॉस्पिटलच्या काउंटरवरही शिक्काच वाचला गेला. आतल्या डॉक्टरने मात्र स्वतः पट्टा बांधला आणि बाबाजीला तिथेच ठेवून घेतलं. आणखी चार दिवस गेले असते तर मेंदूत रक्तस्राव झाला असता, असं तो कादिरला म्हणाला.

इमादने तास रद्द केले. अफनानने दाखल्याऐवजी परिशिष्ट 'ड'ची प्रत जोडून अर्ज केला. उत्तर आठ दिवसांत आलं: उमेदवाराचा रुग्णानुभव अद्याप मर्यादित आहे. छत्तीस सहकाऱ्यांना निरोगी आढळलेल्या रुग्णात उमेदवाराला आजार दिसला, हे अनुभवाच्या अभावाचेच लक्षण होय. निर्णय अंतिम.

कादिरने ते पत्र दोनदा वाचलं. त्याला रडू आलं, ते त्याने लपवलं नाही. बाबाजीचा फोन आला तेव्हा अफनानने सगळ्यात आधी विचारलं, कसं वाटतंय? त्याने सांगितलेलं सगळं तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

बाकीच्या छत्तीस जणांना प्रवेश मिळाला. मुलं हुशार आहेत, वेळेवर डॉक्टर होतील. एक दिवस त्यांच्यापैकी कुणासमोर तुम्हीही बसाल, डोकं जड वाटतं म्हणून सांगाल. तो तुमच्या दंडाला पट्टा बांधेल, हसेल आणि म्हणेल, एकशेवीस बाय ऐंशी. यंत्रात सेल आहेत का, असं तुम्ही विचारणार नाही. आकडा इतका छान असताना कुणी विचारतं का? तुम्ही त्याचे आभार मानाल आणि दाखल्यावर शिक्का तेवढा नीट उमटलाय ना, ते पाहून घ्याल.