दोन गटांचं बारसं

"नावं? दुपारच्या जेवणाआधी देतो!" असं मी मर्नाबाईंना सांगितलं तेव्हा सोमवारचे सकाळचे नऊ वाजले होते आणि मी एक सुखी माणूस होतो.

नाव ठेवण्याच्या कामात अख्ख्या आयोवात माझा हात धरणारा कुणी नाही, असं माझं प्रामाणिक मत. आमच्या दोन्ही कुत्र्यांची नावं माझी. चर्चच्या बोलिंग संघाचं नाव माझं. मेव्हणीच्या जुळ्यांसाठीही मी नावं सुचवली होती. तिने ती ठेवली नाहीत, हा तिचा करंटेपणा!

काम तरी केवढं? आमच्या कॉटनवुड कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या क्रीडासंघटनेत, दहा कॉलेजं होती. एकमेकांशी फुटबॉल खेळायची, एकमेकांना शिव्या द्यायची, सगळं सुरळीत होतं. या वर्षी आणखी दोन आली. बारा झाली म्हणताना सहा-सहाचे दोन गट पाडायचं ठरलं. कोण कुठल्या गटात यावर बारा प्राचार्य पाच महिने भांडले. आता उरली फक्त गटांची नावं. गुरुवारी अकरा वाजता हॉटेलच्या हॉलमध्ये पत्रकारांसमोर ती जाहीर करायची होती. मर्नाबाई कॉन्फरन्सच्या प्रमुख आणि मी त्यांचा उजवा हात.

"वेंडेल, बाराही जणांना पटायला हवीत हं," त्या म्हणाल्या. "त्या दोन नव्यांचा एक पाय अजून दाराबाहेर आहे. एवढ्यातेवढ्यावरून रुसले तर निघून जातील."

"मॅडम, पूर्व आणि पश्चिम! यात रुसण्यासारखं काय आहे?"

पत्र ईमेलने बाराही ठिकाणी गेलं आणि दहाव्या मिनिटाला फोन वाजला. ईस्टर्न लार्क्सपर कॉलेजचे कोच हर्शेल क्रूगर. हा माणूस साधं 'हॅलो'ही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणतो.

"वेंडेल! आमच्या कॉलेजचं नाव काय?"

"ईस्टर्न लार्क्सपर."

"ईस्टर्न म्हणजे?"

"पूर्वेचं, कोच."

"आणि आम्हाला टाकलंस कुठे?"

मी नकाशाकडे पाहिलं. "प...पश्चिमेत."

"माझ्या पोरांना अजून डावं-उजवं कळत नाही रे! त्यात आणखी दोन दिशा घालू?"

"पण कोच, तुम्ही खरोखरच पश्चिमेला आहात!"

"मग नकाशा बदल!" फोन आपटला.

दिशा रद्द. मी लगेच रंगांवर आलो. लाल गट, निळा गट! सुटसुटीत, सुंदर. मर्नाबाईंनी कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे, निवडणुकीला तीन आठवडे राहिलेत! लाल एका पक्षाचा, निळा दुसऱ्याचा. कुठल्या कॉलेजला कुठला झेंडा देणार आहेस?"

मंगळवारी मी सद्गुण काढले. 'शूर' आणि 'निष्ठावान'. सद्गुणांना कोण हरकत घेणार? सहा प्राचार्यांनी विचारलं, "म्हणजे आम्ही भित्रे?" उरलेल्या सहांनी विचारलं, "म्हणजे आम्ही दगाबाज?" एकाने तर वकिलाकडूनच विचारलं! मी निघालो होतो नाव ठेवायला आणि बाराच्या बारा जण बसले होते नावं ठेवायला!

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून बसलो होतो. माझी बायको लोर्ना शाळेत गणित शिकवते.

"एक आणि दोन म्हण," तिने सुचवलं.

"दोन नंबर व्हायला कोण तयार होईल?"

"मग माझी शाळेतली पोरं बरी! तुमच्यात मोठं कोण झालंय अजून?" असं म्हणून तिने माझ्या ताटात बटाटे वाढले.

बुधवारी ऑफिसच्या भिंतीवरचा जुना फोटो मला दिसला. कॉन्फरन्सचे दोन संस्थापक, जोसाया ग्रिमशॉ आणि एफ्रेम पेटिबोन, भरघोस मिशा, शेजारी शेजारी उभे. सापडलं! ग्रिमशॉ गट आणि पेटिबोन गट! दोघेही आदरणीय. मुख्य म्हणजे दोघेही मेलेले, फोन करू शकत नाहीत!

बारा प्राचार्यांनी होकार दिला. कोच क्रूगरसुद्धा "चालेल" म्हणाले. मर्नाबाईंनी माझी पाठ थोपटली. लोर्ना तेवढी म्हणाली, "त्यांच्या घरच्यांना विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? सरळ समारंभालाच बोलावलंय. खूश होतील!"

गुरुवारी दोन्ही घरांतून एकेक जण आलं. पेटिबोनची नात मिस अल्थिया, वय शहाऐंशी, हातात काठी, डोक्यावर जांभळी टोपी. ग्रिमशॉचा नातू रॉस्को, वय एक्याऐंशी, मक्याचा शेतकरी, शर्टाची वरची गुंडी गळा आवळेपर्यंत लावलेली. मी मोठ्या कौतुकाने दोघांना व्यासपीठावर शेजारी शेजारी बसवलं. अल्थियाबाईंनी खुर्ची सरकवली. रॉस्कोनेही सरकवली, विरुद्ध बाजूला. आणखी थोडी सरकवली असती तर म्हातारा व्यासपीठावरूनच खाली गेला असता!

मर्नाबाईंनी फलकावरचा पडदा ओढला. टाळ्या झाल्या. पाठोपाठ काठी आपटल्याचा आवाज आला.

"त्या लबाडाचं नाव माझ्या आजोबांच्या वर?"

"बाई, ते फक्त अक्षरांच्या क्रमाने..." मी म्हणालो.

"अक्षरं गेली खड्ड्यात! माझ्या आजोबांच्या किकचे तीन गुण खाल्ले त्याने! चेंडू सरळ खांबांच्या मधून गेला होता!"

"गाईला लागून गेला होता!" रॉस्को गरजला.

पत्रकारांनी वह्या उघडल्या. सगळा हॉल पुढे वाकला.

"कुठली गाय?" मर्नाबाईंनी दबक्या आवाजात मला विचारलं. मला काय माहीत कुठली गाय!

"मैदानात गाय उभी होती," रॉस्को सांगू लागला. "चेंडू तिच्या पाठीवर आपटून आत गेला. आमचे आजोबा पंच होते. त्यांनी गुण नाकारले, न्यायाने नाकारले!"

"आणि गाय कुणाची होती ते सांग की रे!"

रॉस्कोने गळ्याची गुंडी सोडली.

"सांग ना!"

"...आमची," तो म्हणाला.

हॉलमध्ये असा हशा उसळला की कॉफीचे कप खुळखुळले. त्या सामन्यानंतर हे दोन आदरणीय संस्थापक मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते म्हणे. फोटोतसुद्धा एकमेकांकडे बघत नाहीत, हे मला आत्ता आठवलं! पहिल्या रांगेतले बारा प्राचार्य उठून उभे राहिले. सहा जण गाईच्या बाजूने, सहा जण गाईच्या विरुद्ध. दोन नव्या कॉलेजांचे प्राचार्य तर कोट उचलून दाराकडे निघाले.

"थांबा!" मर्नाबाई माइकमध्ये ओरडल्या. वीस वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी फलक उचलून जमिनीवर पालथा टाकला. "पुरे झालं! मला ग्रिमशॉ नको, पेटिबोन नको, गाय तर नकोच नको! तुम्ही सहा जण हा गट! तुम्ही सहा जण तो गट! हा गट आणि तो गट! संपलं!"

पत्रकार भराभर लिहून घेत होते. दाराशी पोचलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि कोट पुन्हा खुर्चीवर टाकले. कुणालाही हरकत सापडेना! शोधली, पण सापडेना!

मी दोन्ही वृद्धांची माफी मागायला मागच्या खोलीत गेलो. तिथे अल्थियाबाई आणि रॉस्को एकाच टेबलावर ॲपल पाय खात बसले होते.

"गाईचं नाव काय होतं?" बाई विचारत होत्या.

"डेझी."

"चांगली होती का?"

"दुधाला फार चांगली. मैदानात तेवढी नको तिथे उभी राहायची."

बाई खुदकन हसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणून मी हळूच मागे फिरलो.

आता 'हा गट' आणि 'तो गट' अशीच नावं पक्की झाली आहेत. प्रेक्षक "तो! तो! तो!" असं ओरडतात तेव्हा अंगावर काटा येतो म्हणे. गावच्या वर्तमानपत्राने लिहिलं, "ही साधी, अर्थपूर्ण नावं म्हणजे कॉन्फरन्सच्या वेंडेल हॉफस्ट्रा यांच्या अनेक महिन्यांच्या सखोल चिंतनाचं फळ आहे." मी खुलासा पाठवणार होतो, अगदी खरंच पाठवणार होतो. मग ते कात्रण फ्रिजवर लावलं. लोर्ना त्यातून दूध काढायला गेली की दार उघडं ठेवून बराच वेळ हसत उभी राहते.