बंद माइकाच्या पाठाची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न, वीज प्रसन्न, रेंज प्रसन्न. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरी, लोक घरोघरी कोंडले असता एक राज्य उदयास आले. त्यास ना किल्ला ना वेस. घरबसल्या लोकांस कोडिंग शिकवावे, हाच राज्याचा उद्योग. मुख्य अध्यापक विसाजीपंत आगटे, कॉलेजातून निवृत्त, स्वभावे सालस. पहिले बॅचेत अकरा असामी. पंत पडद्यावर येऊन नित्य पुसत, "माझा आवाज येतो ना?" आणि अकराही जण लिहीत, "येतो, सर." मग अकरांचे अकराशे जाहले, आणि अकराशांचे तीन लक्ष जाहले, आणि नेट पुरेना म्हणोन सर्वांनी कॅमेरे बंद ठेवावे ऐशी आज्ञा जाहली. तेव्हापासोन पंतांपुढे तीन लक्ष काळ्या खिडक्या आणि खाली नुसती नावे. राज्याचे धनी जे श्रीमंत, त्यांनी पंतांस शाल दिली, बढती दिली. परंतु पंतांचे मनी एकच हुरहुर, की पलीकडे कोणी खरेच ऐकते की नाही, हे एकदा कळावे.

ऐसे असता एके दिवशी पंतांनी लूप शिकविला, तासभर घसा फोडिला, दोन विनोदही केले, आणि शेवटी पाहतात तो माइकावर लाल रेघ. आरंभापासोन माइक बंद. पंत खजील जाहले, आणि मग खाली पाहतात तो तीन लक्ष ओळी, "येतो, सर." दोन्ही विनोदांस हसणेही बरोबर जागी पडले होते. त्यांत एकच ओळ निराळी, मौजे किनगावच्या कौसल्याबाई तिडके यांची: "सर, कवापासून सांगतेय, तुमचा आवाज बंद हाय. नुसतं तोंड हलतंय." पंतांस गहिवर आला, की एक तरी जिते मनुष्य सापडले.

मग पंत कारभाऱ्यांकडे गेले आणि बाकीच्यांची चौकशी करावी म्हणोन विनविते जाहले. कारभारी हसोन बोलिले, "पंत, तीन लाख माणसं येतो म्हणतात, एक बाई नाही म्हणते. बिघाड कुठं आहे, तुम्हीच सांगा." आणि चहा मागविला. दुसरे दिवशी बाईंची खिडकी दिसेना. पुसता कळले, की तक्रारीचे निवारण जाहले. पंत हट्टास पेटले, की बाई परत येईतो पाठ देणे नाही. कारभारी म्हणाले, "तुमची मर्जी. पाठाचं काही अडत नाही."

मग पंत घरी आले, आणि विद्यार्थी म्हणोन आपलेच नाव घातले, आणि बाईंचा शोध घ्यावया पाठास बसले. तो गुरूचे खिडकीत विसाजीपंत आगटेच बसले होते. तीच शाल, तोच चष्मा, खोकण्याआधी मूठ तोंडाशी नेण्याची तीच ढब. तोंड हलत होते, आवाज नव्हता. खाली ओळी पडू लागल्या, "येतो, सर," "येतो, सर," आणि त्यांतच कौसल्याबाई तिडके, "येतो, सर." तेव्हा पंतांनी निश्चय केला, की बाईंनी लिहिले होते ते आता आपण लिहावे. तो त्यांचे नावापुढे ओळ उमटली, "येतो, सर." पंतांचे दोन्ही हात मांडीवर होते. खिडकीतल्या पंतांनी समाधानाने मान डोलाविली.

येणेप्रमाणे राज्य वाढले. विद्यार्थी तीन लक्ष एक, तक्रार शून्य. ही हकीकत वाचणारांपावेतो पोहोचली की नाही, हे पुसावयाचे होते. परंतु उत्तर अगोदरच येऊन पडले आहे.