बाईंच्या चष्म्याची डावी दांडी

बाईंचा चष्मा डाव्या बाजूने टोचायला लागला आणि सूनबाईच्या अब्रूवरच गदा आली. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि साधीसुधी नव्हे. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिने त्याच्या नाकाचं माप नजरेनेच घेतलेलं असे. बाकीच्यांनी हात टेकलेले चष्मे तिच्याकडे यायचे आणि मुकाट्याने नाकावर बसायचे. तिच्या स्वतःच्या सासूचा चष्मा टोचतो हे दुकानात कळलं असतं, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"बघू. नक्की कुठे टोचतंय?" तिने विचारलं.

"डावीकडे. कानापाशी."

"कानाच्या मागे की वर?"

"टोचतंय म्हटलं ना! तू चष्मा बघ, कान कशाला बघतेस?"

सासूबाईंना घरात 'बाई' म्हणत. त्या विज्ञानाच्या शिक्षिका होत्या आणि पोटचा मुलगाही त्यांच्याच वर्गात होता. एकदा भर वर्गात त्याने "आई" अशी हाक मारली. त्यावर बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तेव्हापासून तो घरीदारी "बाई"च म्हणू लागला, तो आजतागायत. सूनही त्याचीच री ओढायची. "आजी" म्हणायची हिंमत फक्त नातीची, आणि तिला सतत काहीतरी कुरतडायची सवय असल्यामुळे तिचं नाव पडलं होतं खारू.

खारूचं एक प्रकरण तेव्हा घरात गाजत होतं. तिला कानाच्या वरच्या कडेला, त्या कडक भागात, टोचून घ्यायचं होतं. खाली टोचलेलं होतंच, पण मैत्रिणींनी वर टोचून घेतलं होतं. बापाने नेहमीप्रमाणे "बाईंना विचार" म्हणून अंग काढून घेतलं. बाईंनी सांगितलं, "विचार करून सांगते." बाईंचा विचार म्हणजे शेवटचा शब्द, त्यामुळे खारू त्यांच्याभोवती घिरट्या घालत होती.

इकडे सुनेने चष्मा दुकानात नेला, डावी दांडी गरम हवेत धरून अलगद वाकवली आणि संध्याकाळी बाईंच्या कानावर चढवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"आता बरं वाटतंय ना?"

"फारच छान," बाई दातावर दात रोवून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चष्मा पुन्हा टेबलावर. सुनेने स्क्रू बदलला. मग नाकावरच्या गाद्या बदलल्या. मग डावी दांडी सैल केली, तर चष्मा तिरका झाला, म्हणून उजवी आवळली. शेवटी तिने दुकानातली सर्वांत हलकी फ्रेम आणली. मालक म्हणाला, "ही घालून माणूस चष्मा शोधत फिरतो, इतकी हलकी आहे." ती घातल्याबरोबर बाईंनी 'स्स' केलं आणि काढून ठेवली. चष्मा टोचायला लागला तेव्हापासूनच, जन्मभर केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या बाई कान झाकून डोक्याला रुमाल बांधत होत्या. वारा लागतो, म्हणाल्या, आणि चष्माही रुमालावरूनच चढवू देत. सुनेला ते वयाचं लक्षण वाटलं. तिचं सगळं लक्ष दांडीवर होतं.

मग बाईंनी चष्मा घालणंच सोडून दिलं आणि खरा गोंधळ उडाला. चहात मीठ पडलं, तोही सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला, कारण केला कोणी होता! कपड्यांच्या दुकानाबाहेर उभ्या केलेल्या पुतळ्याकडे बोट दाखवून बाई खारूला म्हणाल्या, "बघ, उभं राहावं तर असं. पाठीत बाक आहे का मुलीच्या?" कळस झाला तो मजला चुकल्यावर. एक मजला आधीच थांबून बाई खालच्यांच्या घरात शिरल्या, दारातल्या चपला ओळीत लावल्या, सोफ्यावरचे धुतलेले कपडे घडी करायला घेतले आणि पेपर वाचणाऱ्या गृहस्थाला म्हणाल्या, "पाय खाली घे." गृहस्थ त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने पाय खाली घेतले, कपड्यांच्या घड्याही घातल्या, आणि मग स्वतः त्यांना वर पोचवून गेला. जाताना हळूच म्हणाला, "वहिनी, बाईंना दिसत नाहीये हो. पण धाक अगदी तस्साच आहे."

सुनेला आता डोळ्यांचीच शंका आली. बाईंचा जीव वाचनात. सकाळी पेपर, दुपारी जाडजूड पुस्तकं, आणि खारूच्या शास्त्राच्या वह्यांत पेन्सिलीने दुरुस्त्या. ते सगळं बंद पडणार? आपण दांडीशी झटापट करत बसलो आणि डोळे हातचे गेले? तिला रडूच कोसळलं.

"अहो, उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं," तिने नवऱ्याला सांगितलं.

"बाईंना कोण सांगणार?"

"मी."

बाई ऐकेनात. "माझे डोळे ठणठणीत आहेत!" असं त्या टेबलावरच्या फुलदाणीला ठणकावून म्हणाल्या. सून फुलदाणीच्या बरीच उजवीकडे उभी होती.

शेवटी नवरा-बायकोने त्यांना हाताला धरून नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी दिवे मारून, अक्षरं वाचायला लावून तपासणी केली. "डोळे छान आहेत की! नंबरही तोच. फक्त चष्मा घालायला हवा." खात्री करायला त्यांनी तपासणीची ती लोखंडी, जाडजूड फ्रेम उचलली आणि बाईंच्या रुमालावरूनच कानावर दाबली.

बाई ओरडल्या. अख्ख्या हयातीत बाईंना ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. ओरडायचे ते त्यांचे विद्यार्थी. सुनेने घाबरून रुमाल सोडला. डावा कान वरून टमाट्यासारखा लाल आणि टरारून सुजलेला, आणि त्या सुजेत अर्धा बुडालेला एक चमकता खडा.

"बाई!" मुलगा उडालाच. "हे तुम्ही?"

"नाही, खालच्या मजल्यावरच्यांनी," बाई कळवळत म्हणाल्या. "पोरीने मला विचारलं, टोचून घेऊ का. दुखतं किती, भरून येतं कधी, मला काय ठाऊक? प्रयोग स्वतः केल्याशिवाय मी कधी वर्गात काही शिकवलं आहे का?"

सुनेला मनातून त्या कानाला नमस्कार करावासा वाटला. ज्या वयात लोक गुडघ्याच्या तक्रारी सांगत बसतात, त्या वयात ही बाई बाजारात एकटी जाऊन कान टोचून आली, कोणाला पत्ता लागू दिला नाही, आणि सून रोज नेमक्या त्या खड्यावर दांडी आवळत असताना "फारच छान" म्हणत राहिली!

त्याच इमारतीत कानाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कान पाहिला. "रोज काय करता याचं?"

"स्पिरिट लावते. आणि चिकटू नये म्हणून खडा फिरवून बघते."

"दोन्ही बंद. स्पिरिटने कातडी जळते आणि फिरवल्याने जखम रोज नवी होते. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवायचं, अलगद टिपायचं आणि एरवी हात लावायचा नाही. गोळ्या पुऱ्या घ्यायच्या. खडा मी सांगेपर्यंत काढू नका, भोक बुजलं तर पू आत कोंडेल. आणि सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच या." मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, "चष्म्याची दांडी तिथे टेकता कामा नये."

सुनेने मान खाली घातली. त्याच दुपारी तिने डावी दांडी काढून टाकली आणि तिच्या जागी एक पट्टी बसवली, जी कानाला न शिवता डोक्यामागून जात होती. दुकानमालक बघतच राहिला. बाईंनी पेपर उघडला आणि पहिल्याच पानावर छपाईची चूक काढली. घराने सुटकेचा निःश्वास टाकला.

सूज पुरती ओसरली त्या दिवशी जेवताना बाईंनी घसा साफ केला. "खारू, माझा विचार झाला. टोचून घे. कुठे टोचायचं, कसं जपायचं, सगळं मी दाखवते."

खारू ताटातच बघत राहिली. "आजी, मला नकोय आता. तुझा कान बघून माझी हौसच फिटली गं."

मुलाने खूश होऊन आणखी भात वाढून घेतला. बाई मात्र एकदम लहान दिसायला लागल्या. "बरं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुटपुटल्या, "एवढं सोसून शिकले, ते आता शिकवू कोणाला?"

सुनेला ते ऐकवेना. "बाई," ती म्हणाली, "माझा कान चालेल?"

मुलाचा घास हातातच राहिला. बाईंनी पट्टीचा चष्मा नीट केला आणि सुनेकडे निरखून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर वर्ग भरल्याचा आनंद पसरला.

"डावा की उजवा, बाई?"

"उजवा," बाई म्हणाल्या. "तू डाव्या कुशीवर झोपतेस."